समुद्राखालचे डोंगर आदळून नाही, फाकून होतात

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही समुद्राखालच्या डोंगरांवर छापलं ते वाचून बरं वाटलं, आमच्या मेहकर तालुक्यात समुद्र पाहिलेले लोकच कमी, पण त्यात लिहिलंय की दोन प्लेटा, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचे मोठे तुकडे, एकमेकीवर आदळतात आन मधातला भाग वर येतो. ते हिमालयाचं झालं साहेब. समुद्राच्या मधोमध उलटं असते, तिथं प्लेटा फाकतात आणि त्या फटीत खालून लाव्हा येऊन नवीन तळ तयार होतो. माझ्या पुतण्यानं तुमचंच वाचून वहीत उतरवलं म्हणून हे पत्र.

बरं लाव्हा साचला आन डोंगर झाला, असंही सरळ नाही. लाव्हा गार होऊन कडक झाला तरी ताण चालूच राहते, मग तो तळ तुटतो, एक तुकडा खाली बसतो, बाजूचा तिरपा होऊन उभा राहतो, त्याच्या पुढचा पुन्हा तुटतो. अशा टेकड्या त्या फटीवरच्या डोंगररांगेला समांतर, कपाशीच्या वावरातल्या सऱ्या-वरंब्यावानी, फक्त एकेक वरंबा 50 ते 300 मीटर उंच. समुद्राच्या तळावर सगळ्यात जास्त जागा यांनीच अडवली आहे, पण पुस्तकात यांचं नावही नसते.

आता कुठं कसा आकार होईल हे मुख्यतः प्लेटा फाकायच्या स्पीडवर. अटलांटिकमधे वर्षाला दोन-अडीच सेंटीमीटर, म्हणजे नखं वाढतात त्याहूनही हळू, त्यामुळं तळ गार व्हायला टाइम भेटतो, तो जाड होतो आन तुटला की मोठाच तुटतो, म्हणून रांगेच्या मधोमध 1 ते 3 किलोमीटर खोल दरी. पूर्व पॅसिफिकमधे काही ठिकाणी 15 सेंटीमीटरपर्यंत, तिथं लाव्हा भरपूर, तळ गरम आन पातळ, मग दरी नाहीच, नुसता फुगवटा आन बारक्या टेकड्या. आफ्रिकेच्या खालच्या अंगाला हिंदी महासागरात तर एवढं हळू चालते की लाव्हाच पुरत नाही, खालच्या थराचा दगड सरळ वर ओढल्या जातो. मले तर हेच सगळ्यात भारी वाटलं.

रांग उंच का, तर गरम आहे म्हणून. माथा पाण्याखाली अंदाजे अडीच किलोमीटरवर, दूर गेलेला जुना तळ गार होऊन आकसतो आन पाच-सहा किलोमीटरपर्यंत बसतो, तव्यावरची फुगलेली पोळी खाली काढली की बसते तसा. मग वरून गाळ पडून पडून टेकड्या बुजतात.

तुम्ही सगळी उदाहरणं अमेरिकेकडची दिली, आपल्या अरबी समुद्रातली कार्ल्सबर्ग रांग सोडूनच दिली. नाव बीअरवालंच आहे, त्या कंपनीच्या फाउंडेशनच्या पैशातून 1928 ते 30 मधे डॅनिश जहाज फिरलं होतं. वाइन आणि मॅथ्यूज या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी 1963 मधे तळाच्या दगडातल्या चुंबकीय पट्ट्यांवरून (गार होताना दगडात उमटलेली पृथ्वीच्या चुंबकाची खूण, एक पट्टा सुलटा, एक उलटा) समुद्र फाकतो हे मांडलं तेव्हा माप याच रांगेवरचं वापरलं होतं. सेशेल्सचा तुकडा भारतापासून सुटला आन मधात ही रांग चालू झाली, आपल्याकडं तो काळा फत्तर ओतल्या गेला त्याच्या थोडंच नंतर. आमच्या विहिरीत बावीस फुटावर जो लागला, ज्याच्यात सुरुंगाचे पैसे गेले, तो बेसाल्टच, आन तिथं तळाला जे गोठते तेही बेसाल्टच, फक्त पाण्यात गोठते म्हणून उशांसारखे गोळे होतात.

समुद्रतळाचे नकाशे काढणाऱ्या मेरी थार्प बाईंबद्दलही दोन ओळी पाहिजे होत्या. 1950 च्या दशकात आवाजाच्या प्रतिध्वनीवरून घेतलेली मापं कागदावर उतरवता उतरवता ती मधली दरी त्यांनी हेरली, तर सोबतच्या साहेबानं आधी बायकी गप्पा म्हणून उडवून लावली.

दुरुस्ती छापणार असाल तर सोबत नकाशा द्या आणि तो रंगीत द्या, मागचा काळा-पांढरा होता, त्यात दरी कोणती आन डोंगर कोणता हे पुतण्यालाच काय मलाही ओळखू आलं नाही.

आपला एक शेतकरी वाचक,
ता. मेहकर, जि. बुलढाणा