आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

लिहायचंच असेल तर लिही, पण माझं नाव घालू नकोस, असं तुम्ही बजावलं होतंत. नाव घालत नाही. पण चार लोकांसमोर तुमचे आभार मानल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासण्यांना निधी जमवायला आम्ही पायी चाललो आणि त्याच दिवशी तुम्ही बायकांची तपासणी केलीत. निधी किती जमला आणि तो कुठल्या तपासण्यांसाठी जाणार, हे सगळ्यांना कळवून झालं आहे. ते इथे पुन्हा लिहीत नाही. मला लिहायचं आहे ते त्या दिवशी दुपारी पडद्यामागे घडलं, आणि त्याला फार वेळही लागला नसेल.

ज्या मावशीच्या नावाने आम्ही चाललो, ती तुम्हाला माहीत नाही. आमच्या घरातली सगळ्यात खंबीर बाई. काका गेले तेव्हा मुलं लहान होती. तिने नोकरी धरली, दोघांना शिकवलं, वर आजीचं अंथरुणावरचं आजारपण एकटीने काढलं. तिला कधी कुणी रडताना पाहिलं नाही, असं आम्ही मोठ्या अभिमानाने सांगायचो. आता तो अभिमान टोचतो. कारण सगळ्यांचं करणारी ही बाई स्वतःचं दुखणं मात्र अंगावर काढत राहिली आणि छप्पन्नाव्या वर्षी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने गेली. ती गेल्यावरही आम्ही कितीतरी दिवस 'पोटाचा आजार होता' असंच सांगत होतो.

ती डॉक्टरकडे गेलीच नाही, असं आम्ही धरून चाललो होतो. शेवटच्या दिवसांत तिने आईला खरं सांगितलं. ती गेली होती. चाळिशीत, अंगावरून पांढरं जातंय म्हणून. दार अर्धवट उघडं होतं, बाहेरच्या बाकावरच्या माणसांचे आवाज आत येत होते. काय करणार आहोत, हे कुणी सांगितलं नाही. तपासणीचं अवजार बर्फासारखं गार होतं, ती दचकली, तर तपासणारी व्यक्ती म्हणाली, "मुलं झालीत ना तुम्हाला? मग एवढं काय त्यात?" मावशी कपडे नीट करून घरी आली आणि पुन्हा कधीच गेली नाही. पाळी गेल्यानंतर तीन-चार वर्षांनी पुन्हा लाल जायला लागलं, तेव्हाही नाही. ते तिने आठ महिने लपवलं.

ताई, हे मी तुम्हाला काय सांगणार, पण वाचणाऱ्यांसाठी लिहिते. हा कॅन्सर जवळजवळ नेहमी एचपीव्ही या विषाणूमुळे होतो. ते दाखवून देणाऱ्या हॅराल्ड त्सूर हाउझेन यांना २००८ साली नोबेल मिळालं. त्याआधीच, २००६ पासून, लस वापरात आली होती. संसर्गापासून कॅन्सर होईपर्यंत बहुधा पंधरा-वीस वर्षं जातात, आणि मधल्या काळात पेशींमधला बदल सापडला तर तो तिथल्या तिथे काढून टाकता येतो. म्हणजे आमच्या मावशीच्या हातात वर्षांमागून वर्षं होती. तिच्याकडे पैसे होते, दवाखाना जवळ होता, भीती वाटली तरी पाय उचलायची धमकही होती. एका वाक्याने तिची ती सगळी वर्षं खाल्ली. त्या व्यक्तीला हे आठवतही नसेल. मला मात्र ते वाक्य पाठ झालं आहे.

निधीसाठी दारोदार फिरताना त्या वाक्याची भावंडं भेटली. एका ठिकाणी देणगी द्यायला तयार होते, पण फलकावर 'गर्भाशयमुख' हा शब्द नको, नुसतं 'महिला आरोग्य' लिहा म्हणाले. दुसरीकडे कोणी पाहुणे येणार, फोटो कुठे छापून येणार, एवढंच विचारलं. जो अवयव प्रत्येक बाईला आहे, त्याचं नाव फलकावर खपत नसेल, तर तिथे दुखतंय हे बाईने सांगायचं कुणाला? आम्ही तो शब्द मोठ्या अक्षरांत ठेवला. ती देणगी गेली. गेली तर गेली.

त्या दिवशी प्रत्येकाच्या पाठीवर आपापल्या घरातल्या एका बाईचं नाव होतं. आईच्या पाठीवर तिच्या बहिणीचं. चालून झाल्यावर जिला हवी तिची तपासणी तुम्ही करणार होतात. आई दिवसभर इतरांना हाताला धरून आत पाठवत होती, "जा गं, काही होत नाही" म्हणत होती, आणि स्वतःचा नंबर आला तेव्हा पर्स मांडीवर घट्ट धरून खुर्चीला चिकटून बसली. अठ्ठावन्न वर्षांची माझी आई. मला म्हणाली, "तू पण आत चल."

आत आल्यावर तुम्ही आधी दाराची कडी लावली. मग स्टूल ओढून तिच्यासमोर बसलात आणि काय करणार ते साध्या शब्दांत सांगितलंत. "तुम्ही थांब म्हणालात की मी थांबणार," असं म्हणालात. मग ते अवजार कोमट पाण्याच्या धारेखाली धरलंत, बराच वेळ, घाई न करता. हातमोजा जरा खाली सारून ते आधी स्वतःच्या मनगटाला लावलंत, बाळाचं दूध बघावं तसं. मग आईच्या मांडीला हलकेच टेकवून विचारलंत, "गार नाही ना लागत?"

आई काही बोलली नाही. नुसती मान हलवली, आणि माझ्या हातावरची तिची पकड सुटली.

घरी येईपर्यंत ती गप्प होती. मग एकदम मावशीच्या आठवणीने म्हणाली, "आईला कुशीवर वळवायच्या आधी ताई हात चोळून गरम करून घ्यायची." एवढं बोलून ती रडली. बहीण गेल्यावर पहिल्यांदा, माझ्यासमोर.

ताई, हे तुम्हाला कुणी सांगितलेलं नव्हतं. सकाळपासून कितीजणी आत येऊन गेल्या होत्या, तुमची पाठ दुखत होती हे दिसत होतं. तरी तिच्या वाट्याचं पाणी तुम्ही पुरेसं कोमट होऊ दिलंत. २०३० पर्यंत ७० टक्के स्त्रियांची पस्तिशीपर्यंत एकदा आणि पंचेचाळिशीपर्यंत पुन्हा एकदा तपासणी व्हावी, असं जागतिक आरोग्य संघटनेने ठरवलं आहे. यंत्रं येतील, पैसेही उभे राहतील, आम्ही करतोच आहोत. पण पहिल्या वेळी आलेली बाई दुसऱ्या वेळी येते ती तुमच्यासारख्यांमुळे. चांगुलपणा म्हणजे काही फार मोठं करावं लागतं असं मला वाटायचं. तुम्ही तर फक्त नळ सोडून थांबलात. समोरच्या टेबलावर आहे ते एक माणूस आहे, हे तुमच्या हातांना ठाऊक आहे. देव अशा हातांना बळ देवो.

आईचा रिपोर्ट चांगला आला. मावशीच्या मुलीनेही आता तपासणी करून घ्यायचं कबूल केलं आहे. इतकी वर्षं ती विषयच निघू देत नव्हती. आणि काल कॅलेंडर उलटताना दिसलं, आईने पुढच्या तपासणीची तारीख लिहून ठेवली आहे. त्याखाली तिच्याच अक्षरात आहे: 'त्याच ताई असतील का, विचारणे.'

असाल ना?

तुमची,
मावशीची भाची