त्या पाकिटाचं काय करायचं

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस आणि मी "लिहून कळवतो" एवढंच म्हणून फोन ठेवला. बाबा चिडले असं तुला वाटलं असेल. चिडलो नव्हतो. तुला नीट उत्तर द्यायचं तर आधी माझी एक गोष्ट सांगायला हवी होती, आणि ती तोंडाने सांगणं मला जमलं नसतं.

तुझा प्रश्न मी तुझ्याच शब्दांत लिहून ठेवलाय. मैत्रिणीच्या आईजवळ बसून तू त्यांच्या गेलेल्या मुलाबद्दल तुला जे जाणवलं ते सांगितलंस. त्या रडल्या, तुला जवळ घेतलं, आणि त्या गेल्यावर टेबलावर पैशांचं पाकीट दिसलं. "मी मागितलं नव्हतं बाबा. घेऊ का? आता आणखी दोघीतिघी विचारताहेत. फी ठेवू, की हे फुकटच करायला हवं?"

तू बनवाबनवी करत असशील असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. समोरच्याचं दुःख तुझ्या अंगात शिरतं, लहानपणापासून बघतोय मी. तेव्हा लबाडीचा विषय आपण बाजूलाच ठेवू.

आता माझं ऐक. तुझी आई गेल्यावर अकरा महिन्यांनी मी एका बाईंकडे गेलो. मृतांशी बोलतात असं कुणीतरी सांगितलं होतं. पहिल्या दिवशी उठताना मी खिशात हात घातला, तर त्यांनी माझं मनगट धरलं. "या कामाचे मी पैसे घेत नाही." त्या एका वाक्यावर माझा त्यांच्यावर विश्वास बसला. त्याआधी तासभर त्या काय बोलल्या त्यावर नव्हे, त्या वाक्यावर. लुबाडणारा पैसे घेतो, या घेत नाहीत, म्हणजे या खऱ्या. दुःखात माणूस इतकंच गणित करू शकतो.

मी नऊ वेळा गेलो. तुला कळू दिलं नाही.

दुसऱ्या की तिसऱ्या खेपेला त्या म्हणाल्या, ती तिच्या घड्याळाबद्दल बोलतेय, ते कायम पाच मिनिटं पुढे असायचं. मला हुंदका आवरेना. आईच्या उशाशी असलेलं ते छोटं घड्याळ, ते पाच मिनिटं पुढे आहे हे बाहेरच्या कुणाला ठाऊक असणार? त्या दिवसापासून मी मनाने पूर्ण त्यांच्या स्वाधीन झालो.

प्रत्येक बैठकीचं मी फोनवर रेकॉर्डिंग करत होतो, त्यांना विचारूनच. आईचे शब्द जपून ठेवावेत म्हणून. पण ऐकायचा धीर झाला नव्हता. ऐकलं ते दीड वर्षाने. त्यात त्यांचा आवाज म्हणतो, "तिच्या जवळची एक वस्तू... रोज हातात येणारी..." मग शांतता. मग एक आवाज म्हणतो, "घड्याळ?" तो माझा आवाज आहे मनू. त्या म्हणतात, "हो, घड्याळ. त्याचं काहीतरी... वेळेचं..." आणि लगेच मीच सांगतो, "पाच मिनिटं पुढे ठेवायची ती." त्यानंतर त्या अगदी हळुवारपणे म्हणतात, "हो. तेच सांगतेय ती. पाच मिनिटं पुढे."

मी ते चार वेळा मागे नेऊन ऐकलं. मधली दीड वर्षं मी शपथेवर सांगितलं असतं की घड्याळ हा शब्द पहिल्यांदा त्यांच्या तोंडून आला.

यात त्या बाईंनी मला फसवलं असं मला आजही म्हणवत नाही. त्यांचं त्यांना कळत नसावं. मेजाभोवती बसून हात टेकले की मेज आपोआप फिरतं, या प्रकाराचं युरोपात वेड होतं तेव्हा, म्हणजे 1853 मध्ये, मायकेल फॅरेडेने ते तपासलं होतं. विजेवर काम करणारा तोच फॅरेडे. त्याने मेजावर पुठ्ठ्यांचे थर ठेवले, मधे मऊ डिंक लावला आणि वरच्या पुठ्ठ्यावर लोकांना हात ठेवायला लावले. मेज हातांना ओढत असतं तर खालचा थर आधी सरकला असता. सरकला होता वरचा, हाताखालचा. बसलेली माणसं प्रामाणिक होती, त्याने ती मुद्दाम तशीच निवडली होती. आपण ढकलतोय हे त्यांना खरोखरच जाणवत नव्हतं. आपले हात काय करताहेत हे दाखवणारा काटा समोर दिसू लागला, की मेज हलणं बंद व्हायचं. माझ्यासाठी ते रेकॉर्डिंग म्हणजे तो काटा.

आता जे कधीच सांगितलं नाही ते. काचबिंदूचं निदान झालं तेव्हा डॉक्टरांनी ऑपरेशन लवकर करा म्हणून सांगितलं होतं. तू प्रत्येक फोनला विचारायचीस आणि मी म्हणायचो, "डॉक्टरच थांबा म्हणताहेत." ते खोटं होतं. थांबायला आईने सांगितलं होतं. म्हणजे त्या बाई म्हणाल्या होत्या, "ती म्हणते, घाई करू नका, थोडं थांबा." त्यांनी ते मायेनेच सांगितलं असणार, मी घाबरलेला त्यांना दिसत होतो. मी आठ महिने थांबलो. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. दाराच्या चौकटीला माझा डावा खांदा लागतो आणि तू म्हणतेस, बाबा, बघून चाला. त्या बाजूचं दिसत नाही गं मला.

एक पैसाही न घेता हे झालं. म्हणून "हे फुकटच करायला हवं?" हा तुझा प्रश्न ऐकून मी गप्प झालो.

नंतर मी यावर बरंच वाचलं. डॅनियल डंग्लस होम हे गेल्याच्या आधीच्या शतकातलं या क्षेत्रातलं सगळ्यात मोठं नाव. मी बैठकीचे पैसे घेत नाही, हे तो अभिमानाने सांगायचा. राहायचा मात्र श्रीमंतांच्या घरी पाहुणा म्हणून, भेटी स्वीकारायचा. 1866 मध्ये जेन लायन नावाची पंचाहत्तरीची विधवा त्याच्याकडे आली. नवऱ्याचा आत्मा सांगतो म्हणून तिने होमला मुलगा मानलं आणि सुमारे 60,000 पौंड त्याच्या नावे केले. पुढे पस्तावली, कोर्टात गेली, आणि 1868 मध्ये कोर्टाने त्याला पैसे परत करायला लावले. फी ठरलेली असती, तर ती म्हातारी फी देऊन घरी गेली असती असं मला फार वाटतं. फी दिली की देणं फिटतं. फुकट घेतलेल्याचं ओझं उतरत नाही, ते फेडायला माणूस स्वतःला देऊन टाकतो. मीही तेच केलं. पैसे देता येत नव्हते म्हणून मी त्यांना माझे निर्णय देऊन टाकले.

हे वाचून तुला वाटेल, मग बाबा फी ठेवा म्हणताहेत. थांब जरा.

ठरलेली फी आली की ठरलेली वेळही येते. गुरुवारी चार वाजता कुणीतरी पैसे भरून तुझ्यासमोर बसणार. त्या दिवशी तुला काहीच जाणवलं नाही तर? आज तू सरळ म्हणू शकतेस, "मावशी, आज काही येत नाहीये." पैसे घेतल्यावर ते वाक्य जड होतं. पहिल्यांदा म्हणशील, दुसऱ्यांदा म्हणशील, तिसऱ्यांदा थोडंसं स्वतःकडचं घालशील. वाईट हेतूने नाही. समोरची बाई रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून.

अमेरिकेतल्या फॉक्स बहिणींचं असंच झालं. 1848 मध्ये मॅगी आणि केट या दोन मुलींनी घरात टकटक आवाज काढून आत्मे बोलतात असं भासवलं. पोरखेळ होता तो. पण पुढच्याच वर्षी तिकीट लावून सभागृहात कार्यक्रम झाले आणि मग त्यातून सुटका नव्हती. खरं सांगावं तर पोटावर पाय. चाळीस वर्षांनी, 1888 मध्ये, मॅगीने न्यूयॉर्कच्या रंगमंचावर उभं राहून कबूल केलं की आवाज आम्ही पायाच्या बोटांच्या सांध्यांतून काढत होतो, आणि तो काढूनही दाखवला. पुढच्या वर्षी तिने ती कबुली मागे घेतली. दोघी पुढे चार-पाच वर्षांत गरिबीत गेल्या. त्या पोरींनी लोकांना फसवलं हे खरंच, पण मला त्यांचीच जास्त दया येते. बाप म्हणून वाचलं की तसंच होतं.

आणखी एक गोष्ट मला खुपते. डॉक्टरही फी घेतात, शिक्षकही घेतात, त्यात गैर काही नाही. पण रोगी बरा होऊन जावा, विद्यार्थी शिकून पुढे जावा, याचसाठी ते पैसे असतात. इथे मात्र ज्याचं दुःख निवळलं तो परत येत नाही. ज्याचं निवळत नाही तोच दर महिन्याला येतो. आपलं घर कुणाच्या तरी न मिटणाऱ्या दुःखावर चालावं, असा धंदा तुझा नसावा.

ब्रिटनमध्ये 1951 साली खोट्या मीडियमांविरुद्ध, म्हणजे मृतांशी बोलतो असं खोटं सांगणाऱ्यांविरुद्ध, कायदा झाला. फसवण्याचा हेतू हवाच, शिवाय मोबदल्यासाठी केलं हे सिद्ध झालं तरच शिक्षा, असं त्यात होतं. निव्वळ करमणुकीसाठी केलेलं त्यातून वगळलं होतं. 2008 मध्ये तो रद्द होऊन त्याची जागा ग्राहक संरक्षणाच्या नियमांनी घेतली. कायद्याला कुठेतरी रेघ मारावी लागते, त्याने ती पैशावर मारली. तुझी रेघ तिथे नसावी असं मला वाटतं. माझा डोळा त्या कायद्यात कुठेच बसला नसता.

मग रेघ कुठे? ती मला एका वाक्यात सापडली. त्या बाई म्हणाल्या असत्या, "मला वाटतं, थोडं थांबावं," तर मी त्यांना विचारलं असतं, तुम्ही डॉक्टर आहात का? त्या म्हणाल्या, "ती म्हणते." त्यावर मी काय विचारणार होतो? चाळीस वर्षं जिचं ऐकलं तिच्याशी वाद घालायला ती समोर नव्हती. "ती म्हणते" हे दोन शब्द विकायचे नाहीत, मनू, आणि वाटायचेही नाहीत.

जादूगार हॅरी हुडिनीची आई 1913 मध्ये गेली आणि ते दुःख त्याच्यातून कधीच गेलं नाही. 1922 मध्ये लेखक आर्थर कॉनन डॉइल यांच्या पत्नीने मैत्रीखातर, अर्थातच फुकट, त्याच्या आईचा संदेश म्हणून पंधरा पानं लिहून दिली. पानाच्या माथ्यावर क्रूस काढलेला आणि मजकूर सफाईदार इंग्रजीत. त्याची आई ज्यू, एका धर्मगुरूची बायको, आणि इंग्रजी तिला जेमतेम येत होतं. डॉइलबाई मनापासून लिहीत होत्या याबद्दल शंका घ्यायला जागा नाही. पण ती पानं हातात घेऊन बसलेला तो मुलगा माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. त्याला दुसरीच कुणाची तरी आई मिळाली होती. पुढे ती मैत्रीही तुटली.

दुःखातल्या माणसाजवळ दोन तास बसणं हे काम आहे. मोठं काम आहे. त्या बाईंइतकं शांतपणे माझं त्या वर्षात कुणी ऐकलं नाही, अगदी तूही नाही, तुझं स्वतःचं दुःख होतं. नुसतं ऐकलं असतं, आणि तासाचे अमुक पैसे म्हणून आधी सांगितलं असतं, तर मी आनंदाने दिले असते. तुला हे काम करायचं असेल तर रीतसर शिक, समुपदेशनाचं शिक्षण घे, आणि मग फी घे, खुशाल घे, कमी घेऊ नकोस. तुला जे जाणवतं ते जाणवतंच, ते मी नाकारत नाही. ते "मला असं वाटलं" म्हणून सांग. आणि पैसे, औषध, ऑपरेशन, घर यातलं काही कुणी गेलेल्या माणसाला विचारायला लागलं, की तिथल्या तिथे थांबव. त्या वेळी गप्प बसलीस तरी त्याचा अर्थ होकारच घेतला जातो.

पाकीट परत कर. पोस्टाने नको, स्वतः जा. त्यांनी ते मनापासून ठेवलंय, त्यांना लागेल असं बोलू नकोस. "मावशी, तो बोलला असं मला म्हणता येणार नाही, मला वाटलं ते मी सांगितलं," एवढं त्यांना स्पष्ट सांग. कदाचित त्या चिडतील. कदाचित दुसऱ्या कुणाकडे जातील. तरी सांग. आणि मग लगेच उठू नकोस. तो कसा होता ते त्यांना विचार, आणि त्या सांगतील तेवढं ऐक.

ते रेकॉर्डिंग मी पुसलेलं नाही. आईचा आवाज त्यात कुठेच नाही, माझाच आहे, तिच्याबद्दल बोलणारा. एवढं तिच्याबद्दल मी तुझ्याशीसुद्धा कधी बोललो नाही. तू आलीस की दोघं मिळून ऐकू. घड्याळ अजून चालू आहे, आणि पाच मिनिटं पुढेच आहे.

तुझा,
बाबा