तिबोटी खंड्या आणि छायाचित्रकारांची घाई

महोदय,

पावसाळा सुरू झाला की कोकणातील ओढ्यांच्या काठी तिबोटी खंड्याला टिपण्यासाठी कॅमेरेवाल्यांची गर्दी होते. त्या गर्दीत मीही असतो, म्हणूनच हे लिहितो. जेमतेम 13 सेंटीमीटरचा हा पक्षी अशा दाट, ओल्या झाडीत बसतो, जिथे भर दुपारीही संधिप्रकाश असतो. शटरचा वेग वाढवावा तर आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) चढवावा लागून चित्र दाणेदार होते आणि वेग कमी ठेवावा तर मान हलवण्याची त्याची सवय चित्र धूसर करते. त्यातच ऑटोफोकस नेमका पुढच्या पानावर जाऊन बसतो. लेन्सवरचे बाष्प पुसण्यात हुकलेले क्षण तर वेगळेच!

यावर उतारा म्हणून काही जण मातीच्या दरडीतील त्याच्या घरट्याच्या बिळासमोरच ठाण मांडतात, आडव्या येणाऱ्या फांद्या छाटतात. मग चोचीत सापसुरळी धरलेला पक्षी बिळात न शिरता दूरवर ताटकळतो आणि पिल्ले उपाशी राहतात. घरट्याजवळ काढलेली छायाचित्रे स्पर्धांच्या संयोजकांनी, तसेच आपल्या दैनिकानेही स्वीकारू नयेत, अशी विनंती आहे.

— एक पक्षीनिरीक्षक, पनवेल