संध्ये, त्या फोटोबद्दल

नाशिक,
रविवार, सकाळचे साडेसात

प्रिय संध्ये,

तुझा मेसेज दहा दिवस मोबाईलमध्ये तसाच ठेवलाय. ‘माझ्या मुलीच्या लग्नात नाक मुरडून उभी राहिलीस, न जेवता गेलीस, आता फोनही घेत नाहीस. माझं काही चुकलं असेल तर सांग.’ तुझं काहीही चुकलेलं नाही गं. दोन ओळींत उत्तर देता आलं असतं, पण तुला ते पटलं नसतं आणि मलाही पुरलं नसतं. म्हणून हे पत्र. एका बैठकीत होणार नाही, बोटं थकतात. रोज सकाळी थोडं थोडं लिहीन.

आधी त्या फोटोचं. तुझ्या लेकीच्या शेजारी मी उभी आहे, फोटोग्राफर ‘हसा, हसा’ म्हणतोय आणि मी हसतेय. अगदी मनापासून हसतेय, संध्ये. पण ओठांचे कोपरे वर न्यायला जे स्नायू लागतात ते संध्याकाळी सातनंतर माझं ऐकत नव्हते. वरचा ओठ मधेच तेवढा उचलला जायचा, आणि बघणाऱ्याला वाटायचं, हिने नाक मुरडलंय. न्यूरॉलॉजिस्टना मी तो फोटो दाखवला. ते म्हणाले, या आजारात हसू असंच दिसतं. ते ऐकून मला रडू आलं, कारण सगळ्यात आधी तूच आठवलीस.

आणि जेवणाचं. दुपारच्या पंगतीत वरण नाकातून आलं होतं. कुणी पाहिलं नाही, रुमाल लावला. रात्री तू आग्रह करून बासुंदी वाढणार हे मला माहीत होतं, म्हणून निघाले. तेव्हा माझ्याकडे या प्रकाराला नाव नव्हतं. नाव नसलेली गोष्ट मांडवात यजमानीणबाईंना कशी सांगायची?

आता नाव आहे. मायस्थेनिया ग्रेव्हिस, वापरू तसे स्नायू थकत जाण्याचा आजार. त्यातही माझा प्रकार दुर्मिळ.

सुरुवात तीन वर्षांपूर्वी गणपतीत झाली. आरत्या म्हणताना आवाज सानुनासिक व्हायला लागला आणि मंत्रपुष्पांजलीपर्यंत पार विरला. सर्दी असेल म्हणून सोडून दिलं. मग शाळेत पहिल्या तासाला कविता खणखणीत वाचायची मी, सहाव्या तासाला फळ्यावर लिहून भागवायला लागले. दिवाळीच्या आसपास स्कूटीवरून होळकर पुलावर आले, तर पुढच्या रिक्षाच्या दोन रिक्षा झाल्या. एक डोळा झाकला की एकच दिसायची. त्या दिवशी पुलाच्या कडेला गाडी लावून बराच वेळ गोदावरीकडे, आपल्या गंगेकडे, बघत उभी राहिले. स्कूटी त्यानंतर चालवली नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी चष्मा बदलला. घशाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घातली, सगळं स्वच्छ. पोटाची एंडोस्कोपी झाली, थायरॉइड झालं, मेंदूचा एमआरआय झाला. सगळे रिपोर्ट नॉर्मल. प्रत्येकाने आपापला तुकडा नीट तपासला, पण डोळा, घसा, मान आणि केस विंचरताना खाली पडणारा हात एकाच बाईचे आहेत, हे कुणी एकत्र पाहिलं नाही. आणि हा आजार असा की विश्रांती घेतली की मागे सरतो. अपॉइंटमेंट सकाळची, त्यात तासभर बाकावर बसून मी ताजीतवानी झालेली. डॉक्टरांसमोर धडधाकट बोलायचे, आणि घरी येऊन रात्री भाकरी चावताना जबडा हाताने धरायचे.

शेवटी एकांनी यांच्याकडे बघून विचारलं, ‘घरात काही ताण आहे का?’ झोपेच्या गोळ्या दिल्या, मानसोपचारतज्ज्ञांचं नाव लिहून दिलं. मानसोपचाराला माझी ना नाही, ते दुखणंही खरंच असतं. पण त्या रात्री यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मला लागली. रागावलेली नव्हती, नुसती शंका होती. सासूबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या, चुलत सासूबाईंच्या सांगण्यावरून त्र्यंबकेश्वरला जाऊन शांतही केली. मी सगळं केलं. पुढे पुढे तर मलाच वाटायला लागलं की मी हे करून घेतेय. शरीर थकण्यापेक्षा ते वाईट, संध्ये. आपलाच आपल्यावर विश्वास राहत नाही.

उलगडा चिन्मयमुळे झाला. ‘आई, तू सकाळी वेगळी बोलतेस,’ असं तोच पहिल्यांदा म्हणाला. त्याने गुपचूप दोन व्हिडिओ काढले. सकाळी सातला मी वर्तमानपत्र वाचतेय, आणि रात्री नऊला तीच बातमी वाचतेय. दुसऱ्यात डावी पापणी अर्धी मिटलेली, मान तळहातावर टेकवलेली, आणि शब्द ओळखू येत नाहीत. सोळा वर्षांच्या पोराने जे पाहिलं ते इतक्या मशीनना दिसलं नव्हतं.

न्यूरॉलॉजिस्टनी ते व्हिडिओ दोनदा पाहिले. मग मला छताकडे बघायला सांगितलं, पापणी न मिटता. मिनिटाच्या आत डावी पापणी आपोआप खाली आली. मोठ्याने शंभरपर्यंत आकडे म्हणायला लावले, साठच्या पुढे आवाज नाकात गेला. त्यांनी पेन खाली ठेवला आणि म्हणाले, ‘हे तुमच्या मनात नाही.’ हे वाक्य ऐकण्यासाठी मी दीड वर्ष वणवण केली होती.

तरी लगेच काही हातात आलं नाही. या आजाराची नेहमीची रक्ततपासणी असते ती ॲसिटिलकोलीनच्या रिसेप्टरविरुद्धच्या अँटीबॉडींची. ज्यांना आजार अंगभर असतो त्यांच्यातल्या साधारण 85 टक्के लोकांत ती पॉझिटिव्ह येते. माझी निगेटिव्ह. हाताच्या नसेला सेकंदाला तीन असे हलके शॉक देऊन स्नायूचा प्रतिसाद मोजतात, तोही नॉर्मल. पुन्हा तेच, असं वाटून माझं मन बसलं. पण त्यांनी हट्टाने तीच तपासणी चेहऱ्याच्या स्नायूवर केली, आणि तिथे चौथ्या शॉकपर्यंत प्रतिसाद घसरला. मग ‘मस्क’ नावाच्या प्रथिनाविरुद्धच्या अँटीबॉडींसाठी रक्त बाहेर पाठवलं. या अँटीबॉडींचा शोधच मुळी 2001 सालचा. ती पॉझिटिव्ह आली.

डॉक्टरांनी समजावलेलं मी माझ्या भाषेत सांगते. नस स्नायूला निरोप देते तो ॲसिटिलकोलीन नावाच्या रसायनातून. ते रसायन झेलायला स्नायूवर जागा असतात, तेच रिसेप्टर. पंगतीत पाट मांडावेत तशा त्या जागा ओळीने मांडण्याचं काम मस्क करतं. माझ्याच रक्तातल्या अँटीबॉडी त्या मांडणाऱ्याच्या हातावर मारतायत. पाटच नीट मांडलेले नाहीत, मग वाढपी कितीही आला तरी वाढणार कुणाला? वापरू तसा स्नायू थकतो, थांबलं की थोडा सावरतो. हा प्रकार जास्त करून बायकांत दिसतो आणि चेहरा, घसा, मान, श्वास यांनाच आधी धरतो.

त्यांनी आणखी एक सांगितलं ते मनात राहून गेलंय. 1672 साली थॉमस विलिस नावाच्या इंग्रज डॉक्टरने एका बाईबद्दल लिहून ठेवलंय. ती एरवी नीट बोलायची, पण फार वेळ बोलली की माशासारखी मुकी व्हायची. साडेतीनशे वर्षांपूर्वीची ती कोण, कुठली. पण तिच्यावर कुणीतरी विश्वास ठेवला म्हणून ते कागदावर उतरलं.

निदानाच्या आधीच एक घोळ झाला होता. खोकल्यासाठी लिव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक दिलं गेलं आणि दोन दिवसांत मला मान उचलता येईना. देणाऱ्याला माझा आजार माहीत नव्हता, मलाही नव्हता. आता पर्समध्ये कायम एक कागद असतो. लिव्होफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, जेंटामायसिन, अमिकासिन, अझिथ्रोमायसिन, शिरेतून मॅग्नेशियम. ही औषधं हा आजार वाढवू शकतात, म्हणून न्यूरॉलॉजिस्टना विचारल्याशिवाय द्यायची नाहीत. त्याची एक प्रत तुलाही पाठवतेय. तुझ्या घरी असताना मला काही झालं, तर हा कागद पुढे कर.

उपचारांचं थोडक्यात सांगते. पायरिडोस्टिग्मिन या नेहमीच्या गोळीने माझ्या प्रकारात फारसा गुण येत नाही. मला तर स्नायू फडफडायला लागले आणि पोट बिघडलं. स्टेरॉइड सुरू झालं. तरी गेल्या पावसाळ्यात श्वास अडला आणि आयसीयूत जावं लागलं. तिथे प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ भाग, बदलला, एक दिवसाआड पाच वेळा. तिसऱ्या वेळेनंतर सिस्टरकडे पाणी मागितलं आणि ते सरळ घशाखाली गेलं. एक घोट पाणी, संध्ये! मी दुसरा मागितला. नंतर रिटुक्सिमॅब या अँटीबॉडी कमी करणाऱ्या औषधाची सलाइन झाली आणि तेव्हापासून हळूहळू वर येतेय. स्टेरॉइडने चेहरा सुजून गोल झालाय, साखर वाढलीय. बघशील तेव्हा दचकू नकोस.

रोज उठल्यावर एका श्वासात आकडे मोजते. आज अडतीस झाले. वीसच्या खाली आले तर सरळ हॉस्पिटल गाठायचं, असं ठरलंय. हे आकडे चिन्मय कॅलेंडरवर लिहितो, दुधाच्या हिशेबाशेजारी. शाळेने मला सकाळचेच तास दिलेत. उन्हाळा सोसत नाही, पण आत्ताची आपली नाशिकची थंडी मला मानवते. या महिन्यात दोनदा गंगेवर चालत जाऊन आले, रविवार कारंजापासून पुढे, मधे एकदा बसून. यांनी एकदा नीट बसून माफी मागितली. मीही रडले, तेही. त्यावर अधिक लिहीत नाही.

तुझा फोन मी संध्याकाळी का घेत नव्हते, हे आता कळलं असेल. माझा तो आवाज तुला ऐकू द्यायचा नव्हता. ती माझी चूक झाली. तू सकाळी कर, अकराच्या आत. संध्याकाळी केलास तर तूच बोल, मी हुंकार देईन.

आणि द्राक्षं आली की ये. दिवसाच्या गाडीने नको, संध्याकाळी पोचशील आणि मी मिटलेली असेन. रात्रीच्या गाडीने निघ. सकाळी दारात उभी राहिलीस की आठ ते अकरा मी पूर्ण तुझी. जेवायला मऊ भात करीन, तू भाकरी खा, आणि माझ्याआधी संपली तरी ताटावरून उठू नकोस, मला वेळ लागतो.

लेकीला माझे आशीर्वाद सांग. तिलाही त्या फोटोचं सांगशील ना?

सोबत एक फोटो ठेवलाय. काल सकाळी साडेसातला चिन्मयने काढला, गच्चीत. उजवा कोपरा अजून थोडा कमी वर जातो. बाकी मी हसतेय.

तुझी,
मनी