क्षमा मिळाली, पुढे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ख्रिस्ती श्रद्धेवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो : प्रभूकडे क्षमा मागितली की पाप धुऊन निघाले, म्हणजे दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करायला माणूस मोकळा. हा आक्षेप ख्रिस्ताचा प्रेषित पौल याच्या काळापासूनचा आहे. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात सहाव्या अध्यायाच्या सुरुवातीलाच त्याने विचारले आहे, की कृपा वाढावी म्हणून आपण पापातच राहावे काय? ‘कदापि नाही’ एवढे म्हणून तो थांबला नाही. आठव्या अध्यायापर्यंत तो हाच विषय उलगडत राहिला. आपल्या मंडळ्यांतला (चर्चमधला) उपदेश मात्र बहुतेक वेळा क्षमेपाशी संपतो. पुढचे कोणी सांगत नाही, म्हणून हे पत्र.

पापापासूनच्या सुटकेत दोन गोष्टी येतात. डोक्यावरचा दोष जाणे ही एक आणि पापाची पकड सुटणे ही दुसरी. पहिली गोष्ट ख्रिस्ताच्या वधस्तंभावरील मरणामुळे, केवळ विश्वासाने, विनामूल्य मिळते. तिच्यात माणसाची कमाई काडीचीही नाही. दुसरी त्याच विश्वासातून येते, पण पवित्र आत्म्याच्या साहाय्याने, हळूहळू, आयुष्यभर. एकीला नीतिमान ठरणे म्हणतात, दुसरीला पवित्रीकरण. या दोहोंची गल्लत झाली की माणसे खचतात. सवय सुटली नाही म्हणजे माझी क्षमाच झाली नसावी, असे कोणी धरून बसतो. कोणी आधी सुधारतो आणि मग देवाकडे जातो म्हणत वर्षे घालवतो. शुभवर्तमानातला क्रम याच्या उलट आहे. येशू आधी लोकांना लुबाडणाऱ्या जक्कय नावाच्या जकातदाराच्या घरी उतरला. लुबाडलेले परत करण्याची भाषा जक्कयाने त्यानंतर केली.

सुरुवात होते ती पाप आपले म्हणून मान्य करण्यापासून, आणि बहुतेकांचे इथेच बिनसते. ‘देवा, काही चुकले असेल तर क्षमा कर’ ही कबुली नव्हे. ‘आर्थिक बाबतीत कमी पडलो’ हीसुद्धा नव्हे. कागद घ्यावा आणि लिहावे : खर्चाची खोटी पावती लावली, विचारणा झाल्यावर नाकारले, संशय सहकाऱ्यावर जाऊ दिला. इथे लगेच दिसते की पाप एक नसून तीन आहेत आणि तिन्हींत दुखावलेला माणूस वेगळा आहे. ‘परिस्थितीच तशी होती’, ‘सगळेच करतात’ अशी वाक्ये आली तर ती खोडावीत. दाविदाचे ५१वे स्तोत्र या दृष्टीने वाचून पाहावे. व्यभिचार आणि खून पदरी असलेल्या त्या राजाने त्यात एकही सबब सांगितलेली नाही. लिहिलेले देवापुढे वाचावे, प्रत्येक गोष्टीची क्षमा मागावी आणि योहानाच्या पहिल्या पत्रातले वचन (१:९) धरून ती मिळाली असे मानावे. मन हलके वाटले की नाही, याची वाट पाहू नये. क्षमेचा आधार देवाचे वचन आहे. भावना मागून येते, कधी कधी बऱ्याच उशिरा.

नुसते वाईट वाटणे पुरत नाही, हे येशूचे शिष्य यहूदा आणि पेत्र यांच्याकडे पाहून कळते. येशूला धरून देण्यासाठी घेतलेली तीस नाणी यहूदाने परत नेऊन दिली, निर्दोषाचा घात केला हेही कबूल केले. पण ही कबुली त्याने याजकांपुढे दिली आणि ‘त्याचे आम्हाला काय?’ म्हणून त्यांनी त्याला वाऱ्यावर सोडले. ज्याचा घात केला त्याच्याकडे तो गेलाच नाही. पेत्राने येशूला ओळखत असल्याचे तीनदा नाकारले, तो ढसाढसा रडला, पण इतर शिष्यांना सोडून गेला नाही. पुढे समुद्रकिनारी येशूने त्याला तीनच वेळा विचारले, ‘तू माझ्यावर प्रीती करतोस काय?’ आणि मेंढरे सांभाळायला दिली. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात देवाकडे वळवणारे दैवी दुःख आणि नुसते खचवणारे जगाचे दुःख असा जो भेद केला आहे, तो हाच.

यानंतर भरपाई. आपल्याकडे सर्वांत जास्त टाळली जाणारी गोष्ट हीच, असे माझे स्पष्ट मत आहे. मोशेच्या नियमशास्त्रात याबाबत मोघमपणा नाही. बायबलातल्या गणना या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायाप्रमाणे अपराध कबूल करायचा, मूळ रक्कम भरायची, वर तिचा पाचवा हिस्सा द्यायचा. ज्याचे नुकसान केले तो हयात नसेल तर त्याच्या जवळच्या आप्ताला, आप्तही नसेल तर ते परमेश्वराकडे म्हणजे याजकाला द्यायचे. चोरलेले मेंढरू कापले किंवा विकले असेल तर निर्गम या पुस्तकात चौपट दंड आहे, आणि जक्कयाने स्वतःहून तोच आकडा बोलून दाखवला. वरच्या पावतीच्या उदाहरणात पैसे संस्थेला परत जातील, खरे वरिष्ठांना सांगावे लागेल आणि माफी सहकाऱ्याची, तीही ज्यांच्यासमोर त्याचे नाव खराब झाले त्यांच्यासमोर. यातून क्षमा विकत मिळत नाही, ती आधीच मिळालेली असते. मात्र कबुलीचा परीघ पापाच्या परिघाएवढाच ठेवावा. मनातल्या मनात कोणाचा मत्सर केला असेल तर ते देवाला सांगावे. त्या माणसाला गाठून सांगण्याने आपले ओझे उतरते आणि त्याच्या डोक्यावर बसते.

एकट्याने लढणाऱ्याची सवय सहसा सुटत नाही. ‘एकमेकांजवळ पापे कबूल करा’ असे याकोब नव्या करारातल्या आपल्या पत्रात सांगतो. कॅथलिक परंपरेत यासाठी संस्कारच आहे : विवेकाची तपासणी, पश्चात्ताप, धर्मगुरूजवळ कबुली, क्षमादान आणि सांगितलेले प्रायश्चित्त. १२१५च्या लॅटरन परिषदेने (कॅथलिक चर्चच्या धर्मसभेने) वर्षातून किमान एकदा कबुली बंधनकारक केली, आणि तिथे ऐकलेले धर्मगुरूने कधीही बाहेर काढायचे नसते. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत मेथडिस्ट चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्ली याने १७३८ साली छोट्या गटांसाठी नियम घालून दिले. आठवड्यातून एकदा भेटायचे आणि प्रत्येकाने सांगायचे, की मागच्या भेटीनंतर कोणते पाप घडले, कोणता मोह आला आणि त्यातून सुटका कशी झाली. तिसरा प्रश्न मोलाचा आहे. त्याने नजर पापावरून सोडवणाऱ्याकडे वळते. आजही दोघे-तिघे पुरतात. मात्र ते एकाच लिंगाचे, तोंड बंद ठेवणारे आणि उपदेशाची घाई नसलेले असावेत.

पकड सुटायची तर पापाची वाट ओळखावी लागते. याकोबाच्या म्हणण्याप्रमाणे वासना आधी ओढते, मग गर्भवती होते, मग पापाला जन्म देते. अडवायचे ते पहिल्या पायरीवर. रात्री एकटेपणी मोबाइलवर नको ते पाहण्याची सवय असेल, तर मध्यरात्री निर्धार करून उपयोग नाही. निर्णय संध्याकाळी घ्यावा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून यावे. पण रिकामे घर धोक्याचे. झाडून स्वच्छ केलेल्या घरात अशुद्ध आत्मा आणखी सात जणांना घेऊन परततो, असे येशूने सांगितले आहे. म्हणून इफिसकरांस पत्रात प्रत्येक ‘सोडा’मागे एक ‘करा’ येतो. चोराने चोरी सोडावी, एवढ्यावर ते थांबत नाही. त्याने हातांनी काम करावे आणि गरजूला देण्याइतके मिळवावे. तेव्हा फोनच्या जागी त्या वेळेला एक स्तोत्र मोठ्याने वाचणे, वर सांगितलेल्या दोघा-तिघांपैकी एकाला निरोप पाठवणे, असे काहीतरी आधीच ठरलेले हवे.

एवढे करूनही माणूस पडतो. तेव्हा खरे नुकसान दुसऱ्या पावलाने होते : ‘आता पडलोच आहे, तर जाऊ दे.’ मग प्रार्थना बंद, उपासना बंद, प्रभुभोजनाच्या (ख्रिस्ताच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या) दिवशी मुद्दाम गैरहजेरी. पडल्याच्या दिवशीच कबुली द्यावी आणि येत्या उपासनेला हजर राहावे. उलट काहींना एकच जुने, कबूल केलेले पाप पुनःपुन्हा कबूल करण्याचा ध्यास लागतो. त्यांनी ते पुन्हा उकरू नये, एकाच समंजस पाळकाचा (मंडळीच्या धर्मसेवकाचा) सल्ला मानावा आणि विचार थांबतच नसतील तर डॉक्टरांनाही भेटावे. दारूच्या व्यसनातही उपचार घेणे म्हणजे विश्वास कमी पडणे नव्हे.

शेवटी पाळकांसाठी. नाथान संदेष्ट्याने दाविदाला क्षमा झाल्याचे सांगितले, त्याच भेटीत परिणाम टळणार नाहीत हेही सांगितले. मुलांवरचा अत्याचार, घरातली मारहाण, मंडळीच्या पैशांचा अपहार अशा बाबतींत ‘त्याने पश्चात्ताप केला आहे’ म्हणून प्रकरण मिटवू नये. तक्रार पोलिसांकडे जाऊ द्यावी, त्या माणसाला पदावरून दूर करावे. त्याच्यासाठी प्रार्थना तुरुंगातही करता येते. आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्याकडे ‘तू क्षमा कर’ असा तगादा लावायला कोणी जाऊ नये. आधी त्याला सुरक्षित करावे आणि त्याचे म्हणणे पूर्ण ऐकून घ्यावे.

आपला विश्वासू,
एक पाळक