ओळंबा आमच्याकडेच राहिलाय, मामा

जुळे सोलापुरातल्या आमच्या सामाईक बागेत नववीच्या मुलांनी उघड्यावरचा वर्ग बांधायला घेतला होता. आराखडा त्यांचाच: अर्धगोलात दगडी बैठका, वर बांबूचं छप्पर. खांब दीड फूट खोल रोवले आणि पहिल्याच मोठ्या पावसात चारही कलले. मुलांचे चेहरे बघवत नव्हते.

तेवढ्यात सायकलवरून जाणारे एक गवंडीमामा थांबले. मूठभर माती चोळून म्हणाले, "काळी हाय ही. भिजली की फुगती, वाळली की भेगाळती. मुरूम लागंपर्यंत खणा." दुसऱ्या दिवशी ते दोन जोडीदारांना घेऊनच आले. तीन फुटांवर मुरूम लागला.

काम त्यांनी भराभर उरकलं असतं. पण प्रत्येक मुलाच्या हातात ओळंबा, म्हणजे दोरीला बांधलेलं वजन, देऊन खांब सरळ कसा बघायचा ते शिकवलं. जी मुलगी कधी बोलत नाही, तिला म्हणाले, "आता तू सांग, बरोबर हाय का?" तिनं सांगितल्यावरच खड्डा भरला.

पैसे घेतले नाहीत. कडक भाकरी, शेंगाचटणी खाल्ली आणि गेले. नावं विचारायची राहूनच गेली.

मामा, तुमचे आणि जोडीदारांचे मनापासून आभार. त्यानंतरही पाऊस झाला. खांब हललेले नाहीत. ओळंबा न्यायला या, मुलं वाट बघताहेत.