बॉल पायथनची काचपेटी आणि पुण्याची थंडी

मा. संपादक,

स. न. वि. वि.

परदेशी प्राणी पाळण्याच्या छंदावर आपल्या पुरवणीत आलेल्या लेखात बॉल पायथन हा ‘काहीच उस्तवार न लागणारा’ प्राणी असल्याचे म्हटले आहे. चार वर्षे हा साप सांभाळत असल्यामुळे मला ते पटत नाही. तो आठ-पंधरा दिवसांतून एकदा खातो, कधी महिनोन्महिने अन्नाला तोंडही लावत नाही, हे खरे. पण त्याची उस्तवार खाण्यापेक्षा हवेची जास्त आहे.

घाना, टोगो, बेनिन या पश्चिम आफ्रिकेतील देशांत हा अजगर दिवसा उंदरांच्या बिळांत आणि वारुळांत दडून असतो. तिथली ऊब आणि ओल घरात आणायची तर काचपेटीचे एक टोक ३१-३२ अंश सेल्सियस, दुसरे २५-२६ अंश आणि आर्द्रता ६० टक्क्यांच्या आसपास राखावी लागते. साधा बल्ब लावला की झाले, असे मला विक्रेत्याने सांगितले होते. पुण्याच्या जानेवारीत त्या बल्बने ऊब दिली, पण जाळीच्या झाकणातून सगळी ओल उडून गेली आणि एरवी मोज्यासारखी सलग उतरणारी कात तुकड्यातुकड्यांनी निघाली; डाव्या डोळ्यावरचा जुना पापुद्रा तर तसाच चिकटून राहिला. तो चिमट्याने ओढला असता तर डोळ्यालाच इजा झाली असती. पशुवैद्यांच्या सांगण्यावरून ओलसर शेवाळ भरलेला एक डबा पेटीत ठेवला, तेव्हा पुढच्या कातीबरोबर तो पापुद्रा निघाला. ठरवलेले तापमान आपोआप राखणारा थर्मोस्टॅट मी त्यानंतर आणला. खरे तर तो सापाच्या आधी घरात यायला हवा होता.

जिवंत उंदीर पेटीत सोडण्याची हौसही (बहुधा व्हिडिओसाठी) काहींना असते. भूक नसलेल्या सापाला तोच उंदीर कुरतडतो; गोठवलेला उंदीर वितळवून, कोमट करून देणे बरे.

लेखात कायद्याचा उल्लेखच नाही. आपला देशी अजगर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असल्याने घरी ठेवताच येत नाही, आणि बॉल पायथनसारख्या त्याच कायद्याच्या चौथ्या अनुसूचीतील प्राण्याची २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी बंधनकारक आहे. हा साप वीस-तीस वर्षे सहज जगतो आणि माझे वय ५४ आहे. पुढे तो भाचीकडे गेला, तर त्या हस्तांतराचीही नोंद करावी लागेल, हे मी तिला आताच सांगून ठेवले आहे.

आपला,
एक वाचक, पुणे